बापाच्या कमाईचं घर

कन्नड मुलखातल्या हिनकलच्या आमच्या गल्लीत एका वर्षी अशी बातमी फिरत होती की येसाजीरावांनी राहतं घर रेसच्या घोड्यावर लावलं आणि घोडा चौथा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, बायकोला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, आणि या वयात हे धंदे! बातमीला पुढे पुरावाही मिळाला. एका मंगळवारी सकाळी दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी घराची लांबी-रुंदी मोजली, भिंतींवर बोटांनी ठकठक केलं, न्हाणीघराचेसुद्धा फोटो काढले आणि गेली. आता जप्तीवाल्यांशिवाय न्हाणीघराचा फोटो कोण काढतो, सांगा.

बातमी खोटी होती. येसाजीरावांनी जन्मात रेसकोर्सच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण घोडा चौथा आणणारी मीच. भाजी घेताना मी सुम्मने, म्हणजे आपलं उगाच, एक वाक्य टाकलं. संध्याकाळी देवळात तेच वाक्य मला परत ऐकायला मिळालं, तेव्हा त्यातल्या घोड्याला नाव होतं, रंग होता आणि जॉकीचा पाय मुरगळलेला होता. येसाजीरावांचे वडील आणि आजोबा दोघंही महाराजांच्या घोडदळात, त्यामुळे लोकांना फार पटलं.

टेपवाली माणसं बँकेची होती. येसाजीराव घर घालवायला नाही, घरातच राहून घरावर जगायची सोय करायला निघाले होते. टेपवाले यायच्या आधीच येसाजीरावांनी मला, शेजारणीला, कंपाउंडच्या भिंतीवरून समजावलं होतं, "तुंगा, साध्या कर्जात आपण बँकेला दर महिन्याला देतो. यात बँक आपल्याला देते. घर तारण. आम्ही दोघं असेपर्यंत घरातून कोणी उठवत नाही. रिव्हर्स मॉर्गेज म्हणतात."

"म्हणजे बँकेनं तुमचं भाडं भरायचं, तुमच्याच घरात?"

"तसं समज."

"मामा, असला घोडा मला पण दाखवा."

बातमीचा उगम कुठे, हे त्यांना तेव्हा कळलं. रागावले नाहीत. म्हणाले, "निदान तिसरा तरी आणायचास."

या माणसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, म्हणूनच मी घोडा आणला होता. बेळगोळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. मूलबाळ नाही. पेन्शन नाही, आणि फंडाचा पैसा मामींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनांत गेला. मामी म्हणजे गोदावरीबाई. साखरेनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. येसाजीराव सुटाबुटातल्या डॉक्टरांबद्दल कधी वाईट बोलले नाहीत, फक्त म्हणायचे, "त्यांनी प्रयत्न केला, बिल पण केलं."

पण मामी घरात अशा चालायच्या की नव्या माणसाला कळायचंही नाही. पलंगापासून स्वयंपाकघराची चौकट अकरा पावलं. चौकटीवर तळहात ठेवला की डावीकडे कॉफीचा फिल्टर, त्याखाली डबे, तिसऱ्या डब्यात मोहरी. फोडणीला मोहरी तडतडली की गॅस बारीक करायच्या, ते कानानं. मी गेले की दारातच ओळखायच्या, "ये तुंगा. आज चपला नव्या वाटतं, कशा करकरतायत." चाळीस वर्षं वावरलेलं घर त्यांच्या हातापायांत उतरलेलं होतं. त्या घराबाहेर मात्र त्या पूर्ण आंधळ्या. फाटकाबाहेर दोन पावलं टाकली की माझा दंड इतका घट्ट धरायच्या की वळ उठायचे.

येसाजीरावांना हवं होतं ते एवढंच. औषध आणायला, रेशनला, पाण्याच्या बिलाला ते बाहेर जात, तेव्हा मामींजवळ दिवसभर एक बाई असावी. इन्सुलिन चुकू नये. आणि घर सोडावं लागू नये. त्यासाठीच ते बँकेत निघाले होते, आणि रिक्षावाला वाटेल ते मागतो म्हणून माझ्या स्कूटरवर मागे बसून. त्यावरूनही गल्लीत एक बातमी झाली असती, पण ती पसरवायची कुणी, मीच गाडी चालवत होते.

बँकेत हयग्रीव नावाचा तरुण अधिकारी होता. आमच्यातलाच, घरी मराठी बोलणारा, पण तीन शब्दांनंतर कन्नडात उतरणारा. येसाजीरावांनी शंकांचा कागद लिहून आणला होता. चष्मा लावून, उत्तर ठाऊक असूनही, त्यांनी खात्रीसाठी पहिलीच विचारली, "दर महिन्याला मी किती भरायचं?"

"तुम्ही काही भरायचं नाही री. आम्ही देणार."

येसाजीराव माझ्याकडे वळले. "इतकं सरळ सांगतो, पोरगा नवा आहे का गं?"

"मामा, पुढचं विचारा."

"मी आधी गेलो, तर हिला बाहेर काढाल?"

"दोघांच्या नावानं करू. त्या असेपर्यंत घरात त्याच. कोणी हात लावणार नाही."

"पंधरा वर्षं पैसे देणार म्हणता. पंधरा वर्षांनी पैसे संपले आणि मी संपलो नाही तर?"

"पैसे थांबतील. राहणं थांबणार नाही."

"मामा, त्र्याण्णवाव्या वर्षी तक्रार घेऊन यायचं असेल तर स्कूटर दुसऱ्या कोणाची बघा," मी म्हटलं.

"आणि दोघंही गेल्यावर? घर बँकेचं?"

हयग्रीवनं पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्याला रोज कोणीतरी विचारत असणार. "वारसांना आधी विचारतो. त्यांनी आमचे पैसे फेडले तर घर त्यांचं. नाही फेडले तर विकतो, आमचं घेतो, उरलं ते वारसांना. कमी पडलं तर त्यांच्या खिशातून मागत नाही." मग त्यानं अटी सांगितल्या. घरात स्वतः राहायला हवं, कुलूप लावून दुसरीकडे गेलात तर चालणार नाही. घरपट्टी वेळेवर. डागडुजी तुमची. इमारत अजून वीस वर्षं टिकेल असं इंजिनियरनं लिहून द्यायला हवं.

"इमारत टिकेल. ती माझ्यापेक्षा लहान आहे."

"आणि घर तुम्ही स्वतः कमावलेलं हवं. वडिलोपार्जित नको."

येसाजीराव इतके मोकळे हसले की पलीकडच्या काउंटरवरच्या बाईनं वळून पाहिलं. "स्वतःचंच! पै न पै माझी. ओव्हरटाइमची." बाहेर आल्यावर त्यांनी मला कॉफी पाजली आणि स्वतः दोन प्यायले. त्या दिवशी तो माणूस साठीचा दिसत होता. टेपवाले आले ते पुढच्याच मंगळवारी.

तीन आठवड्यांनी बँकेच्या वकिलांनी बोलावलं. कृष्णमूर्ती. शांत माणूस, टेबलावर येसाजीरावांचं चौऱ्याहत्तर सालचं खरेदीखत उघडं. म्हणाले, "यातलं एक वाक्य वाचतो," आणि कन्नडात वाचू लागले. अक्षर जुनं, मधेच अडखळले, तर येसाजीरावांनी पुढचे शब्द स्वतः म्हटले. पाठ होते त्यांना. मान डोलवत, एखादं स्तोत्र म्हणावं तसं म्हटले. वाक्याचा अर्थ असा होता: माझे तीर्थरूप मालोजीराव यांनी सरकारी घोडदळातल्या नोकरीत मिळवून ठेवलेल्या धनातून, त्यांच्या आज्ञेवरून, घरातला थोरला मुलगा या नात्यानं, आमच्या सगळ्या कुटुंबासाठी हे घर मी घेत आहे.

"हे तुम्ही सांगून लिहून घेतलं?" वकिलांनी विचारलं.

"हो. लेखनिक दोनदा म्हणाला, पैसे तर तुम्ही मोजताय. मी म्हटलं, मी सांगतो तसं लिही."

"म्हणजे पैसे वडिलांचे नव्हते?"

इथे मला थोडं मागं जायला हवं. त्यांच्या घराण्यात बाप जिवंत असताना मुलगा 'माझं घर' म्हणत नसे. तसं म्हणणं म्हणजे बापाला मेलेला धरणं. लग्नपत्रिका बापाच्या नावानं, दारावरची पाटी बापाच्या नावानं, लाइटचं मीटरसुद्धा. मुलानं घर घेतलं तरी सांगायचं, बाबांनी घेतलं. सगळेच सांगायचे, आणि ऐकणारे समजून घ्यायचे. फक्त बाकीचे तोंडानं सांगायचे. येसाजीरावांनी ते स्टँपपेपरवर लिहिलं.

कारण मालोजीराव त्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत शेजारच्या बाकावर बसले होते. घोडदळ मोडल्यावर या माणसाकडे उरलं होतं काय, तर एक फेटा आणि घोड्याचा चारासुद्धा आला नसता एवढी पेन्शन. वीस वर्षं मंडी मोहल्ल्यात भाड्याच्या एका खोलीत काढलेली. थोरल्या पोरानं घर घेतलं तर आपण त्याच्या घरी आश्रित म्हणून जायचं का, या विचारानं म्हातारा महिनाभर जेवत नव्हता. लेखनिकानं विचारलं, पैसा कुणाचा, तेव्हा येसाजीरावांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. म्हातारा बाकावर ताठ झाला. पुढे पाच वर्षं, मरेपर्यंत, तो त्या घरात मालक म्हणून राहिला. आल्यागेल्याला खरेदीखत काढून ते वाक्य वाचायला लावायचा. येसाजीरावांना पाठ झालं ते असं.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस. चष्मा काढून म्हणाले, "तुम्ही वडिलांना मान दिलात. पण कागद मान ओळखत नाही. या वाक्यामुळे घर तुमचं एकट्याचं राहिलं नाही, कुटुंबाचं झालं. वडिलांच्या बाकीच्या वारसांचा हिस्सा लागतो. बँक असं घर घेत नाही."

येसाजीराव अजून थोडे हसतच होते. हसू तोंडावरून काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

बाकीचे वारस म्हणजे एकच. धाकटे भाऊ सयाजीराव कधीच गेले, त्यांचा मुलगा दत्तोजीराव. पंचेचाळिशीचा, उदबत्तीच्या कारखान्यात हिशेबनीस, दोन मुली, आणि अजून मंडी मोहल्ल्यात भाड्याच्याच घरात. त्यानं हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर बँक पुन्हा विचार करेल, असं कृष्णमूर्ती म्हणाले.

दत्तोजी रविवारी आला. मामींच्या पाया पडला, त्यांच्या शेजारी पलंगावर बसला. मी होतेच. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कधी बोलवावं लागत नाही.

"काका, मी सही केली तर या घरात माझं काय उरतं?"

"आमच्यामागे तुझंच आहे रे. दुसरं आहे कोण? बँकेचं फेड आणि ठेव."

"कशानं फेडू? उदबत्त्यांनी?"

"नाही फेडलंस तर ते विकतील, उरेल ते तुला."

"पंधरा वर्षांनी काय उरणार काका? व्याज चढतच राहतं ना?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

मी मधे पडले. "दत्तोजी, अय्यो, घर तुझ्या काकांनी घेतलं. कारखान्यात डबल शिफ्ट करून. तुझ्या अज्जाकडे काय होतं? फेटा?"

तो माझ्यावर चिडला नाही. काकांकडे वळला. "मी सात वर्षांचा होतो. अज्जा मला या खोलीत मांडीवर घेऊन म्हणायचे, हे घर तुझ्या अज्जानं घेतलं, कोणाच्या बापाला घाबरू नकोस. तुम्ही इथेच उभे असायचात काका. हौदु, हो, असंच म्हणायचात. आम्ही भाड्याच्या घरात वाढलो, पण शाळेत मी सांगायचो, आमच्या अज्जाचं हिनकलला घर आहे." मग त्यानं खिशातून पेन काढलं. "आज खरं सांगा. अज्जाचा पैसा नव्हता? तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता सही करतो."

पेन खरंच त्याच्या हातात होतं. मी पाहिलं.

मामींनी मान त्यांच्या दिशेला वळवली. "अहो, सांगा ना त्याला."

येसाजीराव उठले आणि म्हणाले, "कॉफी घेतोस का, दत्तू?"

दत्तोजीनं पेन खिशाला लावलं. कॉफी मात्र प्यायला.

तो गेल्यावर मी या म्हाताऱ्याला इतकं बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. येसाजीरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याच्याकडे अज्जाचं दुसरं काय आहे गं?"

"आणि मामींकडे तुमचं काय आहे?"

ते कॉफीचे पेले उचलून आत गेले. आठ दिवसांनी ते आपण होऊन म्हणाले, "कोर्टात जाऊ." दत्तोजीच्या तोंडावर जे बोलवेना ते कोर्टात बोलायचं ठरवलं, कारण तिथे वकील लिहून देतो, आपण फक्त सही करायची. घर येसाजीरावांच्याच कमाईचं ठरवावं अशा दाव्यात आमच्या वकिलानं लिहिलं, की वादीच्या वडिलांकडे घर घेण्याइतकं काहीही नव्हतं आणि ते वादीवर अवलंबून होते. येसाजीरावांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी 'अवलंबून'पर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, "बस." आणि सही केली. कारखान्याचे जुने पगाराचे कागद मागवले, तर कारखाना बंद होऊन तिथे गोदाम झालेलं. ओव्हरटाइमचा पुरावा म्हणून शेवटी सायकलच तेवढी उरली होती, आणि सायकल साक्ष देत नाही.

मग तारखा. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरचे वकील, एकदा आमचे. एक तारीख तर अशी गेली की सगळे हजर होते आणि फाइल नव्हती. मी येसाजीरावांना म्हटलं, "या वेगानं निकाल तुमच्या नावानं नाही, तुमच्या फोटोच्या नावानं लागेल." आधी असल्या बोलण्यावर ते उलटा टोला द्यायचे. आता नुसते "हं" करायचे.

दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात तेच झालं, ज्याची भीती होती. येसाजीराव इन्सुलिन आणायला गेले, मेडिकलपुढे रांग होती. मामी न्हाणीघरातून येताना ओल्या पायानं घसरल्या. मी शाळेत शिकवत होते. म्हणजे त्या दीड तास तिथेच पडून होत्या, आणि आमची गल्ली, जिला दुसऱ्याच्या घोड्याचा रंग कळतो, तिला हे कळलं नाही. मलाही नाही. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले, आता चोवीस तास माणूस हवं.

चोवीस तासांची बाई परवडणार नव्हती. बेळगोळच्या रस्त्याला एक वृद्धाश्रम आहे, तिथे दोघांना एक खोली मिळाली. त्याचे पैसे भरायला घर भाड्यानं दिलं. भाडेकरूंनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराची चौकट काढून दार रुंद केलं. फ्रिज जात नव्हता म्हणून. हे मी मामींना सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात मी दाबून ठेवलेली ही एकच बातमी.

आश्रमात वॉकर धरून मामींना उभं करायचे. पहिल्या दिवशी त्या हळूहळू मोजून चालल्या, अकरावर थांबल्या, डावीकडे हात नेला. तिथे दुसऱ्या एका आजींचा पलंग होता. हात त्यांच्या तोंडाला लागला, त्या ओरडल्या. मामींनी पाच-सहा दिवस प्रयत्न केला. मग नर्सला म्हणाल्या, "मला उठवू नका. इथे मला काही दिसत नाही." त्यानंतर त्या पलंगावरून उतरल्या नाहीत. मी गेले की चपलांवरून ओळखेनाशा झाल्या, कारण तिथे दिवसभर सगळ्यांच्या चपला वाजत. मी नाव सांगायचे. "हो का," म्हणायच्या.

मी तरीही एकदा बँकेत जाऊन आले. म्हटलं, केस जिंकली तर योजना पुन्हा सुरू होईल ना? हयग्रीवनं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "तुंगाक्का, ते आता तिथे राहत नाहीत ना? भाडेकरू आहेत ना?"

"राहता येत नाही म्हणूनच तर पैसे हवेत."

"योजना राहणाऱ्यांसाठी आहे," तो खाली बघून म्हणाला. त्याची काय चूक, अट त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली होती.

मी हे येसाजीरावांना सांगितलं, कसं सांगितलं ते आठवत नाही. काही विनोद केला असणार. त्यांनी विचारलं, "मग तारीख कधी आहे?"

"मामा, आता तारखेला जाऊन काय करायचं? जिंकलात तरी काही नाही."

"साक्ष माझी आहे. जायला हवं."

त्यांच्या साक्षीची तारीख होती ती. ऐंशी पूर्ण झाले होते. कोर्टाच्या पायऱ्या चढवून मी आणि दत्तोजीनं त्यांना वर नेलं. हो, दत्तोजीनं. प्रतिवादी एका दंडाला, मी दुसऱ्या. वर पोचल्यावर तो काकांच्या पाया पडला आणि जाऊन आपल्या वकिलाशेजारी बसला. वकील चलाख होता. त्यानं खरेदीखत येसाजीरावांच्या हातात दिलं आणि ते वाक्य वाचायला सांगितलं. येसाजीरावांनी कागदाकडे न बघता ते म्हटलं, या वेळी मान न डोलवता. मग वकिलानं आवाज चढवला. "चौऱ्याहत्तर साली तुम्ही रजिस्ट्रारपुढे हे लिहून दिलंत. आज शपथेवर सांगताय, वडिलांकडे काहीच नव्हतं. मग तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय?"

दत्तोजी काकांकडे एकटक बघत होता. टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले. येसाजीरावांनी खरेदीखताची घडी घातली, वकिलाला परत दिली आणि म्हणाले:

"तेव्हा खोटं बोललो, स्वामी. आज खरं बोलतोय. पण तेव्हाचं कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं."